बासच्या मासेमारीसाठी रॉड, लाइन आणि लुअर: गळ बघून रॉड ठरवा, रंगाचं शेवटी बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहता. लुईसव्हिल तलावाच्या आणि वस्तीतल्या छोट्या तळ्यांच्या काठावरून लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायचा आहे, बोट नाही. दुकानदाराच्या सल्ल्याने सात फुटी मीडियम-हेवी बेटकास्टर (वर बसणाऱ्या, फेकताना चक्री फिरणाऱ्या रीलचा रॉड) घेतलात, पण क्रँकबेटला, म्हणजे ओढला की बुडणाऱ्या माशाच्या आकाराच्या लुअरला (कृत्रिम आमिषाला), लागलेला मासा निम्म्या वाटेत सुटतो. हातात आता दोनशे डॉलर उरलेत. त्यात आणखी काय घ्यावं, लुअर नेमके कोणते, आणि डिसेंबरात रेवदंड्याला जाताना हेच सामान नेलं तर चालेल का, एवढं विचारलंय.

सुटणाऱ्या माशापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

क्रँकबेटला दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, असतात. त्यांची तार बारीक आणि टोकं आखूड. असा गळ घुसायला फारसा जोर लागत नाही, पण तो पकडतोही थोडंच, बहुधा ओठाच्या कडेची पातळ त्वचा. तुमचा रॉड मीडियम-हेवी आणि फास्ट अॅक्शनचा आहे, म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो आणि खाली तो ताठच राहतो. मासा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो तेव्हा असा रॉड त्याच्याबरोबर झुकत नाही. गळाने पाडलेलं भोक प्रत्येक झटक्याला रुंदावत जातं आणि शेवटी गळ निसटतो. त्यात लाइन ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्याची, असेल तर ती जराही ताणली जात नाही, म्हणजे झटका थेट भोकावरच बसतो.

आता उलट बाजू बघा. टेक्सस रिगमध्ये एकच जाड तारेचा गळ असतो आणि त्याचं टोक रबरी किड्याच्या अंगात लपवलेलं असतं. ते टोक आधी रबरातून बाहेर पडणार, मग जबड्यात घुसणार. इथे मऊ रॉड वापरलात तर तुमचा सगळा जोर रॉड वाकण्यातच जातो, गळ बार्बपर्यंत (टोकामागच्या उलट्या काट्यापर्यंत) पोचत नाही आणि मासा तोंड उघडून मोकळा होतो.

म्हणून लुअर हातात घेतला की पहिल्यांदा त्याचा गळ बघायचा. बारीक ट्रेबल असतील तर लवचिक रॉड, थोडी ताणणारी लाइन, आणि झटका न देता रॉड आडवा ओढत गुंडाळत राहायचं. जाड एकेरी गळ रबरात लपलेला असेल तर ताठ रॉड, कमी ताणणारी लाइन आणि मनगटाबरोबर खांदाही वापरून झटका. उघडा बारीक एकेरी गळ असेल तर मीडियम स्पिनिंग रॉड (रील खाली टांगलेली, फेकताना चक्री न फिरणारी) आणि फक्त घट्ट गुंडाळणं पुरतं. सामान निवडायची याहून खात्रीची रीत माझ्या माहितीत नाही.

नवा रॉड न घेताही तुमची अडचण बरीचशी सुटेल. क्रँकबेट वापरताना बेटकास्टरवर १४-१५ पौंडांची मोनोफिलामेंट (मोनो, एकेरी नायलॉनची लाइन) भरा, ड्रॅग (मासा ओढला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) थोडा सैल करा आणि मासा लागल्यावर रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवा, म्हणजे तो उडी कमी मारेल. प्रत्येक ट्रेबलचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवून बघा. धारदार टोक नखात अडकतं, बोथट टोक घसरतं. घसरणारा ट्रेबल लगेच बदला. दगडांवर आपटणाऱ्या लुअरचे गळ एका सकाळीतही बोथट होतात. पुढे क्रँकबेट आवडायला लागलेच, तर सात फुटी मीडियम पॉवरचा (ताठपणाचा), मॉडरेट अॅक्शनचा, म्हणजे मधल्या भागापर्यंत वाकणारा, वेगळा रॉड घ्या. आज त्याची गरज नाही.

उरलेल्या पैशांतला मोठा भाग स्पिनिंग सेटवर घालवा. सात फूट, मीडियम पॉवर, फास्ट अॅक्शनचा रॉड आणि २५०० आकाराची रील. शंभर डॉलरच्या आसपास चांगली जोडी मिळते. काठावरून मासेमारी करणाऱ्याला हलके लुअर लांब फेकावे लागतात, आणि पाव औंसापेक्षा हलकं काही बेटकास्टरवरून फेकायला गेलात की गुंता ठरलेला. रॉडच्या मुठीजवळ लुअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ १/८ ते १/२ औंस. त्या मर्यादेच्या मधल्या वजनालाच रॉड खरा चालतो. तळाच्या आकड्याला तो नीट वाकत नाही, म्हणून फेक पडत नाही. वरच्या आकड्याला जड होऊन डुलतो.

लाइनच्या बाबतीत नवीन माणूस आकड्यांनी गोंधळतो. लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे. जॉर्ज पेरी यांनी तो १९३२ साली जॉर्जियात केला आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. आपल्या गळाला लागणारे बहुतेक मासे एक ते तीन पौंडांचे. तरीही लोक ५० पौंडांची ब्रेड का भरतात? ती माशाच्या वजनासाठी नसते, गवतासाठी असते. शेवाळाच्या गच्च थरातून मासा ओढताना त्याच्याबरोबर दहा-बारा पौंड पाला येतो, आणि जाड ब्रेड तो पाला कापत येते. म्हणजे लाइनची ताकद आडोसा बघून ठरवायची.

तिन्ही प्रकारांचे स्वभाव लक्षात ठेवा. मोनो ताणली जाते आणि जवळजवळ तरंगते, म्हणून ट्रेबलच्या आणि पृष्ठभागावरच्या लुअरला चांगली. फ्लुओरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड असल्याने बुडतं, पाण्यात कमी दिसतं, दगडावर घासलं तरी बऱ्यापैकी टिकतं. म्हणून ते तळाशी चालणाऱ्या लुअरला लावायचं. पॉपरला (खोलगट तोंडाच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लुअरला) लावलंत तर ते पॉपरचं नाक खाली ओढतं आणि त्याचा 'ब्लुप' आवाजच जातो. ब्रेड अजिबात ताणली जात नाही आणि बारीक असते, त्यामुळे लांब फेक पडते आणि माशाचा हलकासा ठोकाही हाताला कळतो, पण स्वच्छ पाण्यात ती दिसते.

स्पिनिंगवर १५ पौंडांची ब्रेड भरा आणि पुढे सहा-आठ फूट ८ किंवा १० पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर (लुअरकडचा तुकडा) डबल युनी या दोन लाइन जोडायच्या गाठीने जोडा. ब्रेड थेट स्पूलवर (रीलच्या चक्रीवर) बांधली तर अख्खं वेटोळं स्पूलवर घसरतं आणि ड्रॅग निकामी झाल्यासारखा वाटतो, म्हणून खाली दहा-पंधरा यार्ड मोनो गुंडाळा. स्पूल काठापासून तीन मिलिमीटर राहील इतकाच भरायचा. जास्त भरलात तर फेकताना वेटोळ्यांचा गठ्ठा एकदम सुटतो. बेटकास्टरवर एरवी १५ पौंडांचं फ्लुओरोकार्बन ठेवा.

लुईसव्हिलसाठी एक खास सूचना. या तलावात झेब्रा शिंपल्यांचा प्रादुर्भाव झालेला आहे. धरणाच्या उतारावरच्या दगडी पिचिंगवर (दगडांच्या अस्तरावर), पुलांच्या खांबांवर त्यांचे थर बसतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी असते. तिथे आठ पौंडांऐवजी दहा पौंडांचा लीडर बांधा. पाच-दहा फेकींनंतर लुअरच्या मागची दोन फूट लाइन बोटांच्या चिमटीतून सरकवून बघा. कुठे खरखरीत लागली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा गाठ मारा.

आता लुअर. दुकानातली भिंत बघून डोकं चक्रावतं, कारण ती रंगांनी भरलेली असते. तुम्ही तीन गोष्टी विचारा, याच क्रमाने: मासा किती खोलीवर आहे, तिथे आडोसा कसला आहे, आणि पाणी किती गरम म्हणजे लुअर किती वेगात चालवायचा. या तिन्ही ठरल्या की भिंतीवरचे दहातले नऊ लुअर आपोआप बाद होतात.

पहिला लुअर पाच इंची स्टिकबेट, सेन्को प्रकारचा, ग्रीन पम्पकिन रंगात. दिसायला साधी रबरी कांडी, पण तिच्या रबरात मीठ असतं, त्यामुळे ती वजन न लावताही बुडते आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. तिला वॅकी पद्धतीने, म्हणजे मधोमध गळ आडवा अडकवून, स्पिनिंगवरून टाका. गळ १/० किंवा २/०. कांडीभोवती रबरी ओ-रिंग चढवून तिच्याखालून गळ घातलात तर एक कांडी बरेच मासे टिकते. नुसती टोचली तर एक-दोन माशांत फाटते. पाण्यात पडल्यावर काहीही करू नका. लाइन किंचित ढिली ठेवा, मनात दहापर्यंत मोजा, मग रॉडचं टोक फूटभर उचला आणि पुन्हा बुडू द्या. मासा बहुतेक वेळा बुडतानाच घेतो आणि ठोका जाणवतही नाही. लाइन बाजूला सरकताना दिसते एवढंच. म्हणून नजर लाइन पाण्यात शिरते तिथे ठेवायची. नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो, लाइन ताणून धरतो. मग कांडी सरळ खाली न जाता झोका घेत काठाकडे येते आणि मासा असलेली जागाच सोडते.

जिथे पडलेली झाडं, पाणकणीस किंवा फांद्या आहेत, तिथे टेक्सस रिग. आधी लाइनमध्ये रबरी स्टॉपर, मग बुलेटच्या आकाराचं ३/१६ किंवा १/४ औंसाचं वजन, मग ३/० आकाराचा रुंद वळणाचा ऑफसेट गळ. किड्याच्या डोक्यात टोक सरळ पाव इंच आत घाला, बाजूने बाहेर काढा, गळ ओढत वरच्या वळणापर्यंत आणा आणि अर्धा फिरवा. आता गळ किड्याच्या अंगाशेजारी लोंबकळू द्या, वळण कुठे येतं ते बघा आणि त्याच ठिकाणी टोक आरपार काढून पाठीच्या वरच्या पातळ रबरात जेमतेम लपवा. किडा सरळ बसला पाहिजे. जरा जरी पोक आलं तरी तो गुंडाळताना गरगर फिरतो, लाइनला पीळ बसतो आणि मासे पाठ फिरवतात. किडा अडकत असेल तर स्टॉपर वजनाला चिकटवा, म्हणजे वजन फांदीच्या एका बाजूला आणि किडा दुसऱ्या बाजूला असं होत नाही. शिशाऐवजी टंगस्टनचं वजन महाग असतं, पण तेवढ्याच वजनाला लहान असतं आणि तळ दगडी की चिखलाचा हे हाताला स्पष्ट सांगतं. दगडी भागात तो खर्च योग्य आहे; वस्तीतल्या तळ्यात शिसं पुरेल.

मासे सुस्त असतील, पाणी थंड असेल किंवा तळ्यावर रोज गर्दी असेल तर नेड रिग. मशरूमच्या डोक्यासारखं १/१० औंसाचं जिगहेड आणि पावणेतीन इंची रबरी तुकडा. तळाशी ओढा, थांबा, पुन्हा ओढा. एक सावधगिरी बाळगा: झेड-मॅन कंपनीचं ताणणारं रबर दुसऱ्या साध्या प्लॅस्टिकबरोबर एका डबीत ठेवू नका. दोन्ही वितळून एक लगदा होतो. ते मूळ पाकिटातच राहू द्या.

हे तिन्ही सावकाश चालवायचे लुअर. त्यांच्या जोडीला पाणी चाळायला वेगवान लुअर हवेत, कारण काठावरून फिरताना मासा कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी शोधावं लागतं. ३/८ औंसाचा स्पिनरबेट (तारेवर फिरती पाती असलेला लुअर) घ्या. त्याच्यावर विलोच्या पानासारखी लांबट पाती असतील तर स्वच्छ पाण्यात जलद ओढा. गोल कोलोरॅडो पाती पाणी जास्त हलवतात, गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळी त्या बऱ्या. दुसरा अर्ध्या औंसाचा लिपलेस, म्हणजे पुढे जीभ नसलेला क्रँकबेट, रॅट-एल-ट्रॅप जातीचा. तिसरा स्क्वेअरबिल क्रँकबेट, तीन ते पाच फूट बुडणारा. स्क्वेअरबिलची चौकोनी जीभ दगडावर आपटली की तो एका बाजूला उसळतो आणि मासा नेमका त्याच क्षणी घेतो. म्हणून तो पिचिंगवर मुद्दाम आपटवत आणायचा. कशालाच न लागता येणारा स्क्वेअरबिल वाया जातो. तो एका बाजूला पळत असेल तर मागून बघून, ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला नाकावरची तारेची कडी पक्कडीने केसभर वाकवा, फेकून बघा, लागल्यास पुन्हा वाकवा.

पृष्ठभागासाठी एक पॉपर. वस्तीतल्या तळ्यावर उन्हाळ्यात शेवाळाची साय धरते, तिथे पोकळ रबरी बेडूक, पण त्याला ५० पौंडांची ब्रेड लागते. ती भरायची तयारी नसेल तर बेडूक घेऊ नका. बेडकावर पाणी फुटलं की लगेच झटका देण्याचा मोह होतो. मासा बेडूक घेऊन खाली जातो आणि त्याचं वजन रॉडवर जाणवतं, तोवर थांबायचं.

ऋतूचं गणित उत्तर टेक्ससपुरतं सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटी पाणी पंचावन्न ते साठ अंश फॅरनहाइटकडे सरकू लागलं की मासे उथळाकडे निघतात. तेव्हा लाल क्रॉफिश रंगाचा लिपलेस बुडालेल्या गवताच्या वरच्या टोकांना घासत आणा. अडकला की झटक्याने सोडवा, हल्ला तेव्हाच होतो. पाणी साठ ते सत्तर फॅरनहाइटच्या दरम्यान आलं की अंडी घालण्याचा काळ, मार्च-एप्रिल. नर उथळ खळग्यांवर राखण करतात, तेव्हा वॅकी आणि टेक्सस. जून ते सप्टेंबर काठावरून पहाटेचे पहिले दीड-दोन तासच खरे: आधी पॉपर, ऊन चढलं की पुलाच्या किंवा धक्क्याच्या सावलीत वॅकी. दुपारी बहुतेक मासे तुमच्या फेकीपलीकडच्या खोलीत असतात, उगाच घाम गाळू नका. ऑक्टोबरात शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे तलावाच्या जमिनीत शिरलेल्या फाट्यांच्या टोकांना जातात आणि बास त्यांच्या मागे. पांढरा स्पिनरबेट, चंदेरी स्क्वेअरबिल, आणि वेग भरपूर.

रंगाचं उत्तर छोटं आहे. स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन आणि शॅडसारखे चंदेरी रंग. गढूळ पाण्यात रबरासाठी काळा-निळा, स्पिनरबेटसाठी पांढरा आणि शार्ट्रूझ (झगझगीत पिवळा-पोपटी) यांचं मिश्रण. एवढ्यावर वर्षं काढता येतात. तीन रंगांचे सहा लुअर घेण्यापेक्षा एकाच लुअरची तीन वजनं घ्या, खोलीप्रमाणे बदलता येतील.

बेटकास्टरचा गुंता होतो कारण लुअर हवेत मंदावतो आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतो. लुअर बांधून रॉड आडवा धरा, बटण दाबा. लुअर सावकाश खाली जावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा, इतका बाजूचा गोल नॉब कसा. बाजूच्या झाकणातले ब्रेक सुरुवातीला तीन चतुर्थांश ठेवा आणि सरावाने कमी करा. पाण्यात लुअर पडण्याआधी अंगठा स्पूलवर टेकलाच पाहिजे, आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. गुंता झालाच तर ओढू नका. अंगठ्याने स्पूल जोरात दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग लाइन हळूच बाहेर काढा; बहुतेक वेढे सुटतात. स्पिनिंगला गुंत्याचं कारण वेगळं असतं: तारेची कमान हँडल फिरवून बंद केली की सैल वेढा पडतो. ती हाताने मिटवा आणि लाइन एकदा ताणून मग गुंडाळा.

लुअर बांधायला गाठ एकच पक्की शिका, पालोमार. सहा इंच लाइन दुहेरी करून कडीतून घाला, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा लुअर काढा, थुंकीने ओली करा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुओरोकार्बन तिथेच कमकुवत होतं आणि मोठ्या माशाला गाठीशीच तुटतं. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावा.

सतरा वर्षं पूर्ण झालेल्याला टेक्ससमध्ये परवाना लागतो. राज्यभराचा साधारण नियम लार्जमाउथला किमान १४ इंच आणि दिवसाला पाच असा आहे, पण तलावागणिक तो बदलतो. लेक फोर्कला गेलात तर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा तिथल्या तिथे सोडावा लागतो आणि २४ इंचांहून मोठा एकच ठेवता येतो. म्हणून पट्टी सोबत हवी. लांब तोंडाची पक्कड आणि चष्मा हेही सामानाचाच भाग धरा. मासा सोडायचा असेल तर ओल्या हाताने, खालच्या ओठाला धरून उभा उचला. मोठा मासा नुसत्या ओठावर आडवा धरला तर जबडा दुखावतो. दुसरा हात पोटाखाली द्या. उन्हाळ्यात पाणी गरम असताना फोटोसाठी त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका.

रेवदंड्यासाठी तुमचा मीडियम-हेवी बेटकास्टर कामाचा आहे, स्पिनिंग सेट खाडीतल्या मोठ्या माशाला हलका पडेल. जिताडा बासच्याच पद्धतीने आडोशातून झडप घालतो, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड लाइन कापण्याइतकी धारदार असते आणि तोंड खरबरीत. म्हणून ३० ते ४० पौंडांची ब्रेड भरा आणि पुढे दोन-तीन फूट ४० पौंडांचा मोनो लीडर लावा. बासच्या क्रँकबेटचे मूळ ट्रेबल जिताडा सरळ करतो. ते काढून जाड तारेचे बसवा, स्प्लिट रिंगसकट. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे इथेही ड्रॅग सैल बाजूलाच ठेवावा लागेल. एकसंध सात फुटी रॉड विमानात नेणं त्रासाचं आहे, तेव्हा दोन-तीन तुकड्यांचा प्रवासी रॉड बघा. गळ आणि पक्कड चेक-इन सामानात जातील. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी रीलचा ड्रॅग घट्ट करून ती गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. जोराची धार मारू नका, ती मीठ बेअरिंगच्या आत ढकलते.